बोट फोडण्याआधी काय काय करायचं: सरकारी योजनेत जुनी मासेमारी बोट देणाऱ्यांसाठी

जुन्या मासेमारी बोटींची पाहणी आणि मोजमाप करणं हे माझं काम. पूर्वी विम्यासाठी आणि कर्जासाठी बोलावणी यायची. आता बोलावणारे बहुतेक मालक सरकारी योजनेत बोट देऊन मासेमारी थांबवायचं ठरवलेले असतात. समुद्रात मासे कमी आणि बोटी जास्त झाल्या की सरकार पैसे देऊन काही बोटी कायमच्या कमी करतं. युरोपात हे १९८० च्या दशकापासून निरनिराळ्या नावांनी चालू आहे. ब्रेक्झिटनंतर आयर्लंड आणि फ्रान्सने नव्याने अशा योजना काढल्या. दर, अटी, मुदती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. मालकाची अडचण मात्र सगळीकडे सारखीच: आयुष्यभर बोट चालवलेल्या माणसाला बोट संपवायची कशी, हे कोणी सांगितलेलं नसतं.

योजना नेमकं काय विकत घेते ते आधी समजून घ्या. तिला तुमचं लाकूड किंवा लोखंड नको असतं. तिला हवी असते मासेमारीची क्षमता, म्हणजे ग्रॉस टनेज, इंजिनाचे किलोवॅट आणि परवाना. सांगाडा फोडायला लावतात तो एवढ्यासाठीच, की ती क्षमता दुसऱ्या नावाने पुन्हा पाण्यात उतरू नये. म्हणजे बोटीतलं जे क्षमतेत मोजलं जात नाही, त्यातलं बरंच काही तुम्ही वाचवू शकता. बोट जाणारच म्हटल्यावर मालक हात झटकून मोकळे होतात आणि जे राहू शकलं असतं तेही घालवून बसतात. हे सगळं लिहायचं कारण तेच.

कागद

काय काय जोडायचं त्याची यादी अर्जावर छापलेली असते. गाडं कुठे अडतं तेवढं सांगते.

पहिली अडचण टनेजची. ग्रॉस टनेज हे वजन नाही, बोटीच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याची पद्धत ठरली आणि तो करार १९८२ पासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या पद्धतीने मोजलेली बोट असेल, तर तिच्या दाखल्यावरचा आकडा आजच्या आकड्याशी जुळत नाही. शिवाय मधल्या काळात डेकवर छप्पर चढवलं, केबिन वाढवली, की घनफळ बदलतं. अनुदान बहुतेक ठिकाणी टनेजवर ठरतं, म्हणून अर्ज भरण्याआधी दाखला कुठल्या पद्धतीचा आहे आणि त्यानंतर बोटीत काय बदललं हे तपासा, गरज असेल तर फेरमोजणी करून घ्या. आणि भंगारवाला जेव्हा टनांचा भाव सांगतो तेव्हा तो वजनाचे टन सांगत असतो. हे दोन टन एकमेकांत मिसळून मालकांनी खर्चाचा अंदाज पार चुकवलेला मी पाहिला आहे.

दुसरी अडचण इंजिनाची. नोंदणीत एक इंजिन आणि बोटीत दुसरं, हे जुन्या बोटींत सर्रास असतं. इंजिनावरची पाटी रंगाखाली गेली असेल तर सॉल्व्हंट लावून फडक्याने हलकेच पुसून काढा. तारेच्या ब्रशने घासलीत तर आकडेच जातील. पाटीवरचा क्रमांक आणि नोंदीतला क्रमांक वेगळे निघाले तर अर्जाआधीच नोंद दुरुस्त करून घ्या. तपासणीच्या दिवशी हा फरक निघाला की फाइल बाजूला पडते.

तिसरी गोष्ट, बोट खरोखर चालत होती याचा पुरावा. धक्क्याला कुजत पडलेल्या बोटीला पैसे देऊन माशांचं काही भलं होत नाही, म्हणून ही अट जवळजवळ सगळीकडे असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या कायद्यात आधीच्या दोन कॅलेंडर वर्षांत दरवर्षी किमान ९० दिवस मासेमारी केलेली असावी असं होतं, आणि २०२१ च्या कायद्यातही तीच अट राहिली. लॉगबुक, विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिलं तारखेप्रमाणे लावून ठेवा.

कर्ज असेल तर ज्याचा बोजा आहे त्याची लेखी संमती लागते. आधी सुधारणेसाठी सरकारी अनुदान घेतलं असेल तर त्याचा काही भाग वजा होऊ शकतो, तोही हिशेबात धरा. वयाचाही परिणाम होतो. १९९९ च्या युरोपीय नियमांत १५ वर्षांपुढच्या बोटीला दर वर्षामागे दीड टक्का कमी मिळे, आणि ३० वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर सरळ साडेबावीस टक्के कमी. तुमच्या योजनेत असं काही कोष्टक असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात नुकसान आहे का, ते आकडे मांडून बघा.

मंजुरी हातात पडेपर्यंत एकही खिळा काढू नका, आणि अधिकाऱ्याची तपासणी होईपर्यंत इंजिन जागचं हलवू नका. तोवर विमाही चालू ठेवा. लाकडी बोट वापरात नसली की वरच्या फळ्या उन्हाने आकसतात, सांधे उघडे पडतात, आणि मग भार पडून ती खाली बसली किंवा लाट आली की तिथून पाणी येतं. मंजुरीची वाट बघत धक्क्याला बुडालेली बोट वर काढायचा खर्च अनुदान खाऊन टाकतो. दर दोनतीन दिवसांनी पंप चालवायला माणूस ठेवा आणि वरच्या फळ्यांवर समुद्राचं पाणी मारत राहा.

फोडायलाच हवी का?

हा प्रश्न अर्ज देतानाच लेखी विचारा. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये अनुदान घेतलेल्या लाकडी बोटी मोठ्या संख्येने यंत्राखाली चिरडल्या गेल्या. चांगल्या ओक आणि लार्चच्या बोटी होत्या, कित्येकींना अजून वर्षानुवर्षं आयुष्य होतं. त्यावर बरीच ओरड झाली. पुढे नियम थोडे सैल झाले: युरोपीय संघाच्या २०१४ च्या कायद्यात पारंपरिक लाकडी बोट जमिनीवर वारसा म्हणून जपली जाणार असेल तर ती न फोडताही अनुदान देता येईल अशी सोय होती, आणि मासेमारी सोडून दुसऱ्या कामासाठी बोट बदलून घेण्याचाही मार्ग होता. काही देशांत फक्त परवाना परत घेतात आणि बोट मालकाकडेच राहते.

पण इथे मी मालकांना सावध करते. संग्रहालयाला बोट द्यायची तर तिथे छप्पर, देखभालीचे पैसे आणि जबाबदार माणूस आहे का ते स्वतः जाऊन पाहा. गोड्या पाण्याचा पाऊस लाकडी बोटीचा शत्रू आहे. डेकच्या फटींतून तो आत झिरपतो आणि तुळईच्या टोकांपासून कूज सुरू होते. चौकात उघड्यावर मांडलेली बोट काही वर्षांत धोकादायक ठरते आणि शेवटी फोडावीच लागते, तीही कोणी मोजमाप न घेता. खात्रीची जागा नसेल तर बोट नीट मोजून, नोंदवून फोडणं हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आधी उतरवायच्या वस्तू

तपासणी झाली, मंजुरी आली, की पहिल्यांदा ईपर्ब काढा. हा ४०६ मेगाहर्ट्झवर संकट-संदेश पाठवणारा बीकन. भंगाराच्या ढिगात तो आपटला किंवा भिजला की चालू होऊ शकतो, उपग्रह संदेश पकडतो आणि बचाव पथक बाहेर पडतं. बोटी फोडणाऱ्या एका यार्डात मी हे घडताना पाहिलंय. शोधणारी माणसं शेवटी भंगाराच्या डब्यापाशी आली, आणि तेवढा वेळ त्यांची बोट खऱ्या संकटातल्या कोणाच्या उपयोगाची नव्हती. बीकन काढा, बॅटरी वेगळी करा आणि नोंदणी रद्द केल्याचं पत्र घ्या. एआयएस (बोटीची जागा इतरांना कळवणारं यंत्र) आणि रेडिओच्या एमएमएसआय, म्हणजे बोटीच्या ओळख-क्रमांकाचंही तसंच.

मग संकटसूचक फटाके आणि धुराच्या नळकांड्या. मुदत संपली म्हणजे निकामी झाल्या असं नाही, उलट जास्त बेभरवशाच्या होतात. त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, समुद्रात तर नाहीच. बंदर खात्याकडे किंवा अधिकृत संकलनात द्या. लाइफराफ्टच्या डब्यात दाबाखालचा गॅस असतो, तो सर्व्हिस स्टेशनकडे पाठवा.

बर्फखान्याची यंत्रणा स्वतः उघडू नका. जुन्या बोटींत आर-२२ हा थंड करणारा गॅस असतो, मोठ्या बोटींत अमोनियाही. पहिला ओझोनचा नाश करतो, दुसरा माणसाचा श्वास कोंडतो. परवानाधारक माणसाने गॅस सिलिंडरमध्ये भरून न्यायचा आणि किती भरला त्याची चिठ्ठी द्यायची.

तेलं वेगवेगळी काढा: डिझेल, इंजिन ऑइल, विंचचं, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राचं, हायड्रॉलिक. एकत्र केलं की कोणी घेत नाही. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं, पाणी तेलकट असतं. ते धक्क्यावरच्या टाकीतच जायला हवं. बॅटऱ्या, झिंकचे ठोकळे, शिशाची वजनं वेगळी ठेवा, त्यांना भाव येतो. बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) बहुधा ब्राँझचा असतो आणि किलोमागे चांगला भाव मिळणाऱ्या भंगारात तो येतो. तो यार्डाच्या करारात धरलाय की तुमचा आहे हे आधीच लिहून घ्या. योजनेत इंजिन नष्ट करायची अट असेल तर त्याचे सुटे भागही तुमचे राहिले असं धरू नका, लेखी विचारा.

आता ॲस्बेस्टॉस. जुन्या बोटीत एक्झॉस्ट पाइपभोवती गुंडाळलेली पांढरट दोरी किंवा कापड, इंजिनाची गॅस्केट, चुलीमागचा पत्रा, इथे तो सापडतो. बघून ओळखू येत नाही. संशय असेल तर हात लावू नका, ओलं करून नमुना घेणाऱ्या माणसाला बोलवा.

एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगते, कारण यात माणसं जातात: बंद खणात एकदम उतरू नका. मासळीच्या खणात कुजलेली मासळी आणि साचलेलं पाणी हायड्रोजन सल्फाइड तयार करतं. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो आणि गॅस वाढला की नाक बधिर होऊन तो वासही येईनासा होतो, म्हणजे वास गेला तेव्हा धोका सर्वांत मोठा. लोखंडी बोटीच्या बंद टाकीत गंजच हवेतला ऑक्सिजन खातो. हवेत तो २०.९ टक्के असतो, मीटरवर १९.५ च्या खाली दिसला तर आत जायचं नाही. झाकणं उघडी टाका, पंख्याने हवा खेळवा, मीटर दोरीला बांधून तळापर्यंत सोडा. आत एक जण पडला म्हणून त्याच्यामागे दुसऱ्याने उडी मारली, असे दोघंही गेल्याचे प्रसंग या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहेत.

मोजमाप

योजनेत हे कोणी मागत नाही. मी तरीही प्रत्येक मालकाला सांगते की बोट फोडण्याआधी दोन दिवस मला द्या. जुन्या लाकडी बोटींपैकी कित्येकींचा नकाशा कधी काढलाच नव्हता. कारागिराने हातभर लांबीचा अर्धा नमुना (बोटीची एकच बाजू) कोरला, नाहीतर नजरेने फळी वाकवली, आणि बोट उभी राहिली. अशा बोटीचा सांगाडा हाच तिचा नकाशा. तो फोडला की त्या कारागिराची अक्कल कायमची गेली.

तुम्ही स्वतःही हे करू शकता. लागतं काय: पाण्याची लेव्हल पाइप किंवा लेझर लेव्हल, ओळंबा, दोन टेप, नायलॉनची पक्की दोरी, खडू, एक मीटरची सरळ लाकडी पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन ओल्या कागदावर चालत नाही.

बोट कोरड्यावर, टेकूंवर नीट बसलेली हवी. तिच्या एका बाजूला, सर्वांत रुंद भागापासून हातभर लांब, जमिनीपासून समपातळीत दोरी ताणा. दोरी पठाणाला, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याला, समांतर असली पाहिजे. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, आणि मागच्या टोकापाशी अंतर मोजून ती जुळवून घ्या. दोरीवर नाळेपासून दर अर्ध्या मीटरला खूण करा. नाळेजवळ आणि मागे, जिथे आकार झपाट्याने वळतो तिथे, दर पाव मीटरला करा. प्रत्येक खुणेपाशी ओळंबा लावून पट्टी उभी धरायची आणि पट्टीवर दर २० सेंटिमीटर उंचीला बोटीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर घ्यायचं. एक जण मोजतो, दुसरा आकडा मोठ्याने परत म्हणून लिहितो. हा परत म्हणण्याचा नियम मोडू नका. वाऱ्यात सोळा आणि साठ सारखेच ऐकू येतात.

एकच बाजू पूर्ण मोजली तरी चालते, पण दुसऱ्या बाजूला तीन-चार ठिकाणी ताळा घ्या. जुनी बोट दोन्ही बाजूंना सारखी नसते. ज्या बाजूने जाळं ओढलं जातं ती बाजू वर्षानुवर्षांच्या ओझ्याने वेगळी बसलेली असते, आणि तो फरकही तिच्या इतिहासाचा भाग आहे. मग पठाणाखालून नाळेपासून मागपर्यंत दोरी ताणून मध्यभागी किती फट पडते ते बघा. म्हाताऱ्या बोटीची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि कंबर वर उचलली जाते. ही फट लिहून ठेवली तरच पुढे नकाशा काढणाऱ्याला मूळची सरळ रेषा परत मिळते. शेवटी फळीची जाडी. पाण्याच्या नळाचा पाइप जिथून बाहेर येतो त्या भोकात ती सहज मोजता येते. बाहेरून घेतलेल्या मापातून ती वजा केल्याशिवाय आतल्या वाकांचा, म्हणजे बोटीच्या बरगड्यांचा, आकार कळत नाही.

फोटोंवरून त्रिमितीय आकृती बनवणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात आणि ती वापराच. ढगाळ दिवस निवडा, फ्लॅश आणि झूम बंद, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ७० टक्के भाग यायला हवा. बोटीशेजारी माप लिहिलेल्या दोन पट्ट्या ठेवा, नाहीतर आकृती सुंदर येईल आणि तिला लांबीच नसेल. पण काळ्या चकचकीत रंगावर आणि अंधाऱ्या खणात ही पद्धत फसते, म्हणून दोरी आणि ओळंब्याची मापं सोडू नका.

मग आत शिरा. केबिनमधल्या फळ्या हलकेच उचकटल्या की मागे पूर्वीच्या केबिनच्या खुणा दिसतात, हलवलेल्या विंचचे बुजवलेले बोल्ट दिसतात. काही देशांत नोंदणी क्रमांक आणि टनेज मुख्य आडव्या तुळईवर कोरलेले असतात. त्यावर बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो घ्या, रंगाखालचे आकडेही उठून दिसतात. मागे एका बोटीत रंगाचा पापुद्रा चाकूने तिरका कापला तर खाली निळा, हिरवा, मग पुन्हा निळा, आणि सर्वांत तळाशी शेंदरी प्रायमर असे थर निघाले. मालकाच्या वडिलांनी बोट हिरवी असतानाच घेतली होती हे त्यावरून पटलं आणि नोंदीतल्या एका गोंधळलेल्या तारखेचा उलगडा झाला. शेंदरी प्रायमर शिशाचा असतो, म्हणून हे करताना घासायचं नाही, धूळ उडू द्यायची नाही आणि हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, बोटीवर आणून रेकॉर्डर चालू करा. घरी बसवून विचारलंत तर तो आठवणी सांगतो; डेकवर उभं केलं की त्याचे पाय आपोआप जागेवर जातात. जाळं कुठल्या बाजूने यायचं, दोरी कशाला गुंडाळायची, वादळात कोण कुठे थांबायचं, सुकाणू कुठल्या लाटेला जड जायचं, हे सगळं त्याला हातवारे करत सांगू द्या आणि मध्ये बोलू नका.

फोडण्याचा दिवस

यार्ड निवडताना फक्त भाव बघू नका. जहाजांच्या पुनर्वापरासाठीचा हाँगकाँग करार २००९ साली झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये लागू झाला, पण तो ५०० ग्रॉस टनांखालच्या जहाजांना लागू नाही. मासेमारीच्या बहुतेक बोटी त्याच्या बाहेरच राहतात. म्हणजे तुमच्या बोटीवर नजर ठेवणारे आहेत ते स्थानिक कचरा-नियम आणि तुम्ही. जमीन पक्की आहे का, सांडलेलं तेल गोळा करायला नाली आहे का, कचरा कुठे जातो त्याच्या पावत्या देणार का, हे विचारा.

लाकडी बोट यंत्राने अर्ध्या दिवसात चिरडता येते. ऑपरेटरशी आधी बोलून ठेवा की पहिला घाव मध्यभागी घालून थोडं थांबायचं. सांगाडा कापला गेला की तेवढ्या वेळात आतली रचना उघडी दिसते: वाकाचे तुकडे एकमेकांना कसे सांधले आहेत, खिळे लोखंडी की तांब्याचे, फटींत काय भरलंय. एखादा वाक जाड कागदावर ठेवून त्याची रेघ मारून घ्या. पठाणाचा आणि एका वाकाचा आडवा छेद, वीतभर जाडीचा, कापून लेबल लावून ठेवा. लाकूड कुठल्या झाडाचं ते त्यावरून कळतं, आणि साधारण पन्नासहून जास्त वलयं असतील व सालीकडचा भाग शाबूत असेल तर झाड कधी तोडलं हेही काढता येतं.

खालच्या भागाचं लाकूड जाळू नका आणि कोणाला जाळायला देऊही नका. शेवाळरोधक रंगात तांबं असतं. जुन्या थरांत कथिलाचं टीबीटी नावाचं विषारी संयुग असू शकतं, ज्याच्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. त्या राखेत आणि धुरात हे सगळं येतं. वरच्या, न रंगवलेल्या तुळया मात्र चांगल्या असतात. होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना कळवा, ते वळलेली लाकडं आनंदाने नेतात, फक्त योजना तसं करू देते का ते पाहा.

लोखंडी बोटीत खरा धोका गॅस कटरचा. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. गॅस-फ्रीचा, म्हणजे आत पेटणारी वाफ उरली नसल्याचा, दाखला मिळेपर्यंत ज्योत जवळ नको. मासळीच्या खणाच्या अस्तरामागे पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो. पत्रा कापताना तो आतल्या आत धुमसतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. आधी अस्तर काढा, फोम खरवडून काढा, मगच पत्रा कापा. काम संपल्यावरही तासभर एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन तिथे थांबला पाहिजे.

फायबरच्या बोटींचं दुखणं वेगळं. फायबरला बांधून ठेवणारं रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही, म्हणून त्याचा नवा फायबर बनत नाही. पाणी मारत कापायचं, चांगला मास्क लावायचा, लांब बाह्या. तुकडे शेवटी जमिनीत गाडले जातात किंवा काही देशांत सिमेंटच्या भट्टीत जातात, जिथे रेझिन जळून उष्णता देतं आणि काच सिमेंटमध्ये मिसळते. भाव वजनावर ठरतो, आणि डेकमधला फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झालेला असतो. डेकला भोकं पाडून ते पाणी आठवडाभर आधी निथळू द्या.

फोडण्याच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो नोंदणी क्रमांक दिसेल असे घ्या: आख्खी बोट, पहिला घाव, दोन तुकडे, शेवटचा ढीग. अधिकारी हजर असला तरी तुमच्याकडे तुमचे फोटो हवेतच.

त्यानंतर

यार्डाचा दाखला, कचऱ्याच्या पावत्या आणि फोटो मिळून नोंदणी रद्द होते, परवाना परत जातो, मग पैसे सुटतात. मापांच्या वहीची आणि रेकॉर्डिंगची एक प्रत घरी ठेवा, एक सागरी संग्रहालयाला किंवा जवळच्या ग्रंथालयाला द्या. आकडे अपुरे आहेत म्हणून लाजू नका, अपुरी मापंही वापरता येतात.

दुसरी बोट घ्यायचा विचार असेल तर आत्ताच अट वाचा. युरोपच्या नियमांत अनुदान मिळाल्यापासून पाच वर्षं मालकाला मासेमारीची बोट नोंदवता येत नाही. नोंदवली तर पैसे परत द्यावे लागतात.

आणि खलाशी. मालकाला पैसे मिळतात, बोटीवर तितकीच वर्षं घालवलेल्या माणसाला कधी काही मिळतं, कधी काहीच नाही. युरोपच्या २०१४ च्या कायद्यात त्यांच्यासाठीही तरतूद होती, पण त्यांनाही दोन वर्षांत दरवर्षी ९० दिवस समुद्रावर काम केल्याचं दाखवावं लागे. तो पुरावा तुमच्या लॉगबुकमध्ये आणि पगाराच्या नोंदींत असतो. बोट यार्डात पोचण्याआधी प्रत्येक खलाशाला त्याच्या दिवसांचा सही केलेला दाखला आणि लॉगबुकच्या प्रती द्या, राहिलेला पगार चुकता करा, आणि योजनेत त्यांच्यासाठी अर्ज असेल तर तुमच्या अर्जाच्याच दिवशी त्यांचेही भरून घ्या. बोट मोडली की माणसं दुसऱ्या बोटींवर, दुसऱ्या कामांवर पांगतात, आणि मग सहीसाठी मालकाला शोधत फिरायची वेळ त्यांच्यावर येते.